पहिली पदवी कशासाठी

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात मुलाने किंवा मुलीने डॉक्टर व्हायचे, हे दहावीचा निकाल लागण्याआधीच ठरलेले असते. वकील व्हायचे हे पुष्कळदा इतर बेत फिसकटल्यावर ठरते. एकीकडे घाई, दुसरीकडे हेळसांड. तरी दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी आढळते: सगळी योजना प्रवेशापाशी येऊन थांबते. नीटला किती गुण पडले म्हणजे कोणते कॉलेज मिळते, राज्याच्या ८५ टक्के कोट्याचा कट-ऑफ मागच्या वर्षी कुठे थांबला, कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, कितव्या फेरीत नाव लागते, हे घरातल्या आजीलाही पाठ झालेले असते. पण प्रवेशानंतरच्या पाच-साडेपाच वर्षांत नेमके काय कमवायचे, आणि प्रवेश मिळालाच नाही तर बी.एस्सी. किंवा बी.ए.च्या तीन वर्षांचे काय करायचे, याचा विचार करायला कोणी बसत नाही. या पुस्तकाचा विषय ती वर्षे आहेत. माझे म्हणणे एवढेच, की आरोग्यसेवेत किंवा कायद्यात जाऊ पाहणाऱ्याने बारावीनंतरचे शिक्षण असे निवडावे, की पुढचा दरवाजा उघडला नाही तरी ते स्वतःच्या पायावर उभे राहावे, आणि उघडला तर आत गेल्यावर त्याची गरज भासावी. बोलायला हे सोपे आहे. आपल्याकडची बहुतेक नियोजने मात्र याच्या नेमकी उलट चालतात, आणि ती तशी का चालतात यामागे कारणेही आहेत.

आधी आकडे पाहू. २०२४ साली नीट-यूजी ही परीक्षा २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा त्या वेळी एक लाखाच्या थोड्याशा वर होत्या, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या खासगी व अभिमत संस्थांतल्या, म्हणजे बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच्या फीच्या होत्या. साधारण वीस-एकवीस जणांमागे एक, असे हे प्रमाण आहे. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांच्या जागा मिळवल्या तरी परीक्षा देणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग कोणत्याच डॉक्टरकीच्या वर्गात बसत नाही. या वर्गाचे काय होते? काही जण रिपीटर बॅचला जातात, लातूर, नांदेड किंवा कोट्याला खोली घेऊन आणखी एक वर्ष घालवतात, मग कधी आणखी एक. काही जण बी.एस्सी.ला नाव घालतात, पण ते फक्त वर्ष वाया जाऊ नये म्हणून. वर्गात क्वचित जातात, कारण मन पुढच्या मे महिन्यातल्या परीक्षेत असते. त्याआधीची दोन वर्षेही अशीच गेलेली असतात. इंटिग्रेटेड कॉलेजच्या व्यवस्थेत अकरावी-बारावीची हजेरी कागदावर आणि शिकवणी क्लासमध्ये, हे आता कोणाला खटकतही नाही. भाषेचे विषय उत्तीर्ण होण्यापुरते, प्रयोगशाळा तोंडी परीक्षेपुरती. म्हणजे सोळाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंतचा काळ, जो माणसाच्या वाचनाचा, लिहिण्याचा आणि विचार करायला शिकण्याचा असतो, तो १८० बहुपर्यायी प्रश्न आणि ७२० गुण यांच्या हवाली केलेला असतो. ज्याला जागा मिळते त्याच्यासाठी हा सौदा कदाचित फायद्याचा ठरतो. उरलेल्यांच्या हाती मात्र पदवी नाही, कौशल्य नाही आणि आत्मविश्वासही नाही, अशी अवस्था येते. एकविसांतल्या विसांना उपयोगी न पडणाऱ्या गोष्टीला योजना म्हणणे मला अवघड वाटते.

दुसरी अडचण अशी, की प्रवेशाचे नियम आपल्या हातात नसतात आणि ते स्थिरही नसतात. नीट पहिल्यांदा २०१३ साली झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली आणि राज्यांच्या सीईटी पुन्हा सुरू झाल्या. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने तो निकाल मागे घेतला, आणि त्या उन्हाळ्यात राज्याची सीईटी की नीट, सरकारी जागांना कोणती आणि खासगीला कोणती, याची उत्तरे काही आठवड्यांत अनेकदा बदलली. शेवटी केंद्राला मे महिन्यात अध्यादेश काढून त्या वर्षापुरती राज्यांना मोकळीक द्यावी लागली. ज्यांनी दोन वर्षे राज्य मंडळाच्या पुस्तकांवर तयारी केली होती त्यांची त्या काळातली घालमेल महाराष्ट्राने पाहिली आहे. पुढे २०२२ मध्ये नीटसाठीची वयाची वरची मर्यादा काढली गेली. २०२३ च्या अखेरीस, बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यालाही पात्र मानले जाईल, असे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने जाहीर केले. हे दोन्ही बदल विद्यार्थ्याच्या बाजूचे आहेत, आणि उशिरा ठरवणाऱ्याला वैद्यकाचा दरवाजा पूर्वी होता तितका बंद नाही, ही गोष्ट अनेक पालकांना आजही ठाऊक नसते. कायद्यातही असेच. न्यायाधीश होण्यासाठी आधी वकिली केलेली असावी की नसावी, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये एक भूमिका घेतली, २००२ मध्ये ती सोडली आणि मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. एलएल.बी. झाल्या झाल्या थेट न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचे, अशा हिशेबाने पाच वर्षे आखलेल्या विद्यार्थ्यांचा बेत एका निकालाने तीन वर्षे पुढे गेला. नियम बदलणारच, पण ज्या पदवीला स्वतःचा अर्थ आहे तिला अशा बदलाचा धक्का कमी बसतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडे अधिक थांबतो. दरवाजावर जे तपासले जाते आणि आत गेल्यावर जे लागते, त्यांत मोठे अंतर आहे. वैद्यकात हे अंतर खुद्द नियामक संस्थेने मान्य केले आहे. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला. त्यात सुरुवातीचा पायाभूत वर्ग आला आणि स्थानिक भाषेची ओळख त्याचा भाग झाली. वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा पाठ्यक्रम आला. पहिल्याच वर्षी रुग्णाजवळ नेण्याची सोय झाली. पुढे खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षण संपेपर्यंत त्यांच्याकडे जात राहण्याचा कार्यक्रमही जोडला गेला. हे सगळे घालावे लागले, कारण नीटमधून जो विद्यार्थी येतो त्याच्या या बाजूंविषयी परीक्षा एक अक्षर सांगत नाही. विदर्भातल्या एखाद्या शासकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात राजस्थानातून किंवा केरळातून अखिल भारतीय कोट्यातून आलेला विद्यार्थी बसतो आणि समोरची बाई ‘जीव घाबरा होतो’, ‘आंग मोडून येते’ म्हणते, तेव्हा तिला छातीत धडधडते आहे की ताप चढतो आहे, हे प्रश्न विचारून काढावे लागते. निदानाचे अर्धे काम या संभाषणात असते. मुंबई-पुण्यातल्या मराठी घरांतून गेलेल्या विद्यार्थ्यालाही ही मराठी परकीच असते, हे जाताजाता सांगायला हवे.

संभाषणानंतर येतो तो पुरावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, ती अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आल्यावर. त्यांचे काम उपचारांइतकेच मोजणीवर उभे आहे: किती जन्म, किती मृत्यू, कोणत्या दिवशी, कशाने. गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची त्यांची पद्धत १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून दाखवले होते. तुलनेला दुसरी गावे का लागतात, हे ज्याला कळते त्यालाच या आकड्याची किंमत कळते. संख्याशास्त्राचा हा साधा धडा बी.ए. अर्थशास्त्राच्या आणि बी.एस्सी.च्या वर्गात शिकवला जातो. नीटच्या तयारीत त्याला जागा नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून आरोग्याचे जे काम केले त्यातही औषधाइतकाच वाटा पाणी, जात, बाईचे घरातले स्थान या गोष्टी समजण्याचा होता. समाजशास्त्र हा डॉक्टरला न लागणारा विषय आहे, असे म्हणणाऱ्याने जामखेडचा इतिहास वाचावा.

कायद्यात हेच अंतर वेगळ्या रूपात दिसते. १ जुलै २०२४ रोजी १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचे ३०२ कलम १०३ झाले, ज्या ‘चारसोबीस’ने आपल्या भाषेला शिवी दिली ते ३१८ मध्ये गेले, ५११ कलमांच्या जागी ३५८ आली. ज्याने कलमांचे आकडे पाठ केले होते त्याची पुंजी एका रात्रीत बाद झाली. ज्याला हेतू, कृती आणि परिणाम यांचा संबंध तपासता येत होता त्याला फक्त नवी अनुक्रमणिका लागली. वकिलीची सनद कायम होण्यासाठी जी अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते तिला टिपा नसलेली कायद्याची पुस्तके बरोबर नेण्याची मुभा असते, हेही इथे लक्षात घ्यावे. म्हणजे व्यवसायाच्या दारातली परीक्षासुद्धा पाठांतर हे वकिलाचे मुख्य भांडवल मानत नाही. खरे भांडवल काय, तर दोनशे पानांच्या कागदपत्रांतून वादाचा मुद्दा काढता येणे, समोरच्या पक्षाची बाजू त्याच्याइतक्याच ताकदीने मांडून पाहता येणे, आणि नीटनेटके परिच्छेद लिहिता येणे. क्लॅट या विधी प्रवेशपरीक्षेने २०२० पासून उताऱ्यांवर आधारित प्रश्नांकडे वळून या दिशेने एक पाऊल टाकले, याचे श्रेय त्या परीक्षेला द्यावे लागेल.

आता एक ऐतिहासिक दाखला, जरा जपून. लोकमान्य टिळक गणित घेऊन बी.ए. आणि मग एलएल.बी. झाले. महामहोपाध्याय पां. वा. काणे संस्कृतचे पंडित आणि मुंबई उच्च न्यायालयातले वकील. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या दोन्हींच्या बळावरच लिहिला गेला. डॉ. आंबेडकर एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाले, कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्रातच वर चढले, आणि बॅरिस्टर नंतर. संविधान सभेतल्या त्यांच्या भाषणांत केंद्र-राज्य वित्तसंबंधांविषयीची जी पकड दिसते ती एकट्या कायद्याच्या शिक्षणाची नाही. पण थोर माणसांच्या चरित्रांतून सर्वसामान्य नियम काढणे ही फसवी रीत आहे. त्यांनी कोणतीही पदवी घेतली असती तरी ती थोर झाली असती, असे कोणी म्हटले तर माझ्याकडे उत्तर नाही. या दाखल्यातून मला मर्यादित मुद्दा घ्यायचा आहे. त्या काळी कायद्याकडे जाणारी रूढ वाट पदवीतून जात असे, आणि म्हणून कायद्याच्या वर्गात गणिती, संस्कृतज्ञ, अर्थशास्त्री एकत्र बसत. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने १९८० च्या दशकात पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम रुजवला आणि तो देशभर पसरला, मुंबईत बी.एल.एस. आणि पुण्यात बी.एस.एल. या नावांनी तो आपल्या ओळखीचा झाला. त्याने कायद्याच्या शिक्षणाला गांभीर्य आणले, हे नाकारता येणार नाही. मात्र अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र हे विषय त्यात दोन-दोन सत्रांचे पाहुणे झाले. तीन वर्षांच्या एलएल.बी.ची वाट अजून खुली आहे, आणि तिच्याकडे ‘ज्यांना पाच वर्षांचे जमले नाही त्यांची वाट’ म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते.

कारण या वाटेवर पहिली पदवी कामाला येते, आणि कशी येते हे अगदी नेमके सांगता येते. पेटंटच्या क्षेत्रात नोंदणीकृत एजंट होण्यासाठी पेटंट कायद्यानुसार विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, नुसत्या बी.ए. एलएल.बी.ला ती परीक्षाच देता येत नाही. बी.कॉम. करता करता कंपनी सेक्रेटरीची परीक्षा आणि मग एलएल.बी., हा मुंबई-पुण्यात रुळलेला क्रम आहे, कारण कंपनी कायदा आणि करकायदा ताळेबंद वाचता आल्याशिवाय कळत नाही. कामगार कायद्यात जाणाऱ्याला समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करू पाहणाऱ्याला सातबारा, फेरफार, वाटणीपत्र आणि १९६६ ची जमीन महसूल संहिता यांची ओळख लागते. शेतकरी घरातल्या मुलीकडे ती लहानपणापासून असते, फक्त तिला कोणी सांगितलेले नसते की ही विद्या आहे. अशा विद्यार्थिनीने भूगोल किंवा कृषिविज्ञान घेतले आणि नंतर कायदा, तर ती जिल्ह्यातल्या कोणत्याही नव्या वकिलापेक्षा दोन पावले पुढे असेल.

आरोग्याच्या बाजूने तर ‘आरोग्यसेवा म्हणजे डॉक्टर’ हे समीकरणच आधी सोडायला हवे. नर्सिंगची चार वर्षांची पदवी, फिजिओथेरपी, दृष्टितपासणी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, आहारशास्त्र हे सगळे पदवी पातळीवरचे स्वतंत्र व्यवसाय आहेत. सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये वेगळा राष्ट्रीय आयोग स्थापणारा कायदा केला, तो या व्यवसायांना शिक्षणाचे दर्जे आणि नोंदणी असावी म्हणूनच. याशिवाय ज्या वाटा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर खुल्या होतात त्या मराठी पालकांना जवळजवळ अपरिचित आहेत. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून लोकसंख्या आणि आरोग्य यांचे अभ्यासक तयार करते आहे. शेजारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासन आणि सार्वजनिक आरोग्य शिकता येते. वैद्यकीय समाजकार्याची भारतातली पहिली नेमणूक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली, आणि आजही मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असते. गरीब रुग्णाला कोणत्या योजनेतून मदत मिळेल, त्याला घरी कोण नेईल, हे पाहणारा माणूस तो. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन तिथे पोचता येते. एक सावधगिरी इथे आग्रहाने सांगतो. ‘पॅरामेडिकल’ या शब्दाखाली गल्लोगल्ली जे वर्ग चालतात त्यांपैकी अनेकांना कोणत्याही परिषदेची मान्यता नसते. नर्सिंगला परिषदेची, कायद्याला बार कौन्सिलची, आरोग्यविद्यापीठाची संलग्नता हवी तिथे नाशिकच्या विद्यापीठाची मान्यता आहे की नाही, हे फी भरण्याआधी त्या त्या संस्थेच्या यादीत स्वतः पाहावे. माहितीपत्रकावर विसंबू नये.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत जड आक्षेप पैशाचा आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. हे सगळे सुखवस्तू घरांचे बोलणे झाले, असे कोणी म्हणेल. ज्याच्या घरात एकच कमावता आहे त्याला लवकरात लवकर व्यवसाय हवा, पदवीचा शोभिवंत वळसा त्याला परवडत नाही. अमेरिकेत डॉक्टरकी आणि वकिली या दोन्हींआधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, तिथल्या बार असोसिएशनची कायद्यासाठी अमुकच विषय घ्या अशी शिफारस नाही, हे खरे. पण तिथले विद्यार्थी त्यासाठी डोक्यावर केवढे कर्ज घेतात, हेही खरे. त्यांचे अनुकरण मी सुचवत नाही. मात्र आपल्याकडचा हिशेब नीट मांडला तर चित्र उलटे दिसते. पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमापेक्षा तीन अधिक तीन ही वाट फक्त एका वर्षाने लांब आहे, आणि अनुदानित महाविद्यालयातल्या बी.ए., बी.कॉम.ची फी खासगी विधी महाविद्यालयाच्या फीच्या कितीतरी खाली असते. शिवाय ती पदवी हाती आली की एलएल.बी. शिकताना नोकरी शोधता येते, स्पर्धा परीक्षा देता येतात. वकिलीत पहिली काही वर्षे उत्पन्न फार तुटपुंजे असते. ज्युनिअरला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये मानधन द्यावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवले, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. अशा वेळी दुसरी एक पदवी हा गरीब घरचा आधारच ठरतो. उलट रिपीटरची दोन वर्षे, त्यांतली क्लासची फी, परगावची खोली आणि खानावळ, हा खर्च घरात कोणी खर्च म्हणून मोजत नाही. खरा महागडा वळसा तो आहे. एक वर्ष पुन्हा प्रयत्न करू नये, असे मी म्हणणार नाही. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलेल्याने तो करावा. पण तो करतानाही नाव कुठल्या पदवीला घातले आहे आणि तिथे काय शिकणार आहोत, हे आधी ठरलेले असावे.

दुसरा आक्षेप वैद्यकाचे विद्यार्थी घेतील. आमच्याकडे पहिली पदवी हीच व्यवसायाची पदवी. साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप यांत विषय निवडायला जागाच कुठे आहे? हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच तो माझ्या बाजूचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणासाठी जो एकच नियामक सुचवला त्यातून वैद्यकीय आणि विधी शिक्षण मुद्दाम वगळले. विषय निवडण्याचे, मध्येच बाहेर पडण्याचे, पुन्हा येण्याचे जे स्वातंत्र्य इतर पदव्यांना मिळू लागले आहे, ते या दोन व्यवसायांच्या उंबरठ्यावर जवळजवळ संपते. आत एकदा गेले की बरेच काही नियामक संस्था ठरवते. मग निवडीचा काळ उरतो तो त्याआधीचा. एमबीबीएसला जाणाऱ्याच्या बाबतीत तो अकरावी-बारावीचा आहे. म्हणून तिथे मराठीचा आणि इंग्रजीचा तास बुडवणे ही काटकसर नव्हे. प्रवेश न मिळालेल्याच्या किंवा कायद्याकडे वळणाऱ्याच्या बाबतीत तो काळ बी.एस्सी., बी.ए., बी.कॉम.चा आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मुख्य विषयाबरोबर वेगळ्या शाखेचा दुय्यम विषय, कामाच्या जागेवरचे प्रशिक्षण अशी रचना आली आहे. रसायनशास्त्राबरोबर मानसशास्त्र, राज्यशास्त्राबरोबर संख्याशास्त्र, हे आता निदान कागदावर शक्य आहे. आरोग्य किंवा कायदा डोळ्यांसमोर असलेल्या विद्यार्थ्याने दुय्यम विषयाची निवड ‘गुण सहज मिळतात’ या कसोटीवर केली, तर त्याने या रचनेतली एकमेव उपयोगी गोष्ट वाया घालवली.

सतराव्या वर्षी आपल्याला काय व्हायचे आहे हे कोणाला कळते, असाही एक आक्षेप असतो. बहुतेकांना कळत नाही, हे मान्य. पण कळण्याचे मार्ग असतात आणि ते स्वस्त आहेत. न्यायालये बहुतांशी खुली असतात. जिल्हा न्यायालयात एक दिवस मागे बसून तारखा कशा पडतात, साक्ष कशी घेतली जाते हे कोणालाही पाहता येते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे इंटर्नशिप करावी लागते. ती प्रमाणपत्रासाठी उरकण्याची सवय फार बोकाळली आहे. त्यापेक्षा पदवीच्या सुट्टीतच एखाद्या वकिलाच्या कार्यालयात किंवा ग्राहक संघटनेत महिनाभर कागद लावले, तर कायदा आपल्याला झेपतो की नाही हे बऱ्यापैकी उमगते. ग्राहक आयोगाचे काम तर दोन्ही व्यवसायांच्या सीमेवर चालते. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात डॉक्टरवर फौजदारी खटला कधी चालावा याची कसोटी ठरवली. २०१८ मध्ये आयुष्याच्या अखेरीस उपचार थांबवण्याविषयीची इच्छा आधी लिहून ठेवता येईल, असे म्हटले. या तिन्ही निकालांच्या मुळाशी रुग्णाच्या खाटेपाशी घडलेल्या किंवा घडू शकणाऱ्या गोष्टी आहेत. वैद्यक आणि कायदा या दोन व्यवसायांना एका पुस्तकात आणण्याचे कारण हेच, की त्यांचे कच्चे द्रव्य एकच आहे: अडचणीत सापडलेला माणूस, त्याने सांगितलेली अपुरी हकीकत, आणि तिच्यावरून कोणीतरी घ्यायचा निर्णय.

उरतो तो भाषेचा प्रश्न, आणि तो मराठी विद्यार्थ्यापुरता खास आहे. राज्यातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयात संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजी चालते. साक्ष मराठीत नोंदवली जाते आणि अपिलात तिचे इंग्रजी भाषांतर होऊन जाते. रुग्णाची हकीकत मराठीत, केसपेपर इंग्रजीत. दोन्ही व्यवसायांत माणूस दिवसभर या दोन भाषांच्या मध्ये उभा असतो, आणि त्याची तयारी कोणत्याही प्रवेशपरीक्षेत होत नाही, व्यवसायाच्या अभ्यासक्रमातही जेमतेम होते. ती पदवीच्या वर्षांतच करावी लागते. लहान गावातल्या महाविद्यालयात दुय्यम विषयांची यादी तोकडी असते, कधी संख्याशास्त्राला शिक्षकच नसतो, ही तक्रार खरी आहे. तिच्यावर आज एक अर्धामुर्धा उपाय आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करून त्यांचे श्रेयांक पदवीत धरता येतात. त्यासाठी महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने तो अभ्यासक्रम आधी मान्य केलेला असावा लागतो. म्हणून प्रवेश घेतानाच कार्यालयात जाऊन विचारावे: कोणते ‘स्वयम्’ अभ्यासक्रम इथे धरले जातात, दुय्यम विषय प्रत्यक्षात कोणते शिकवले जातात, आणि कामाच्या प्रशिक्षणासाठी विद्यार्थ्यांना कुठे पाठवले जाते. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक वाटेसाठी असे प्रश्न दिले आहेत. पालकांनी ते मुलांच्या वतीने न विचारता मुलांनाच विचारू द्यावेत.